तपासणीची राहुटी

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे दोन गोष्टी हटकून घडतात. घरात फराळाची तयारी सुरू होते आणि वर्तमानपत्रात भेसळीच्या खव्याची बातमी येते. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी गाड्या अडवतात, नमुने घेतात, माल जप्त करतात. पण सुगरण बाईचे तेवढ्याने समाधान होत नाही. ती चिमूटभर खवा बशीत काढते आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकून पाहते. निळा रंग आला तर खव्यात पिठाची भेसळ आहे असे समजावे, हे शाळेच्या पुस्तकातले शास्त्र. थेंबभर औषध, एक रंग, आणि घरची मुले निर्धास्त.

आज मी अशाच एका थेंबाची हकीकत सांगणार आहे. तिच्यातला जिन्नस मात्र खव्यासारखा सोज्वळ नाही. पाश्चात्त्य देशांत माळरानावर तीन-तीन, चार-चार दिवस संगीताच्या मोठ्या जत्रा भरतात. हजारो तरुण मुलेमुली तेथे तंबू ठोकून राहतात, आणि त्यांतली काही कायद्याने निषिद्ध असलेल्या गोळ्या नि भुकट्या खिशात घेऊन येतात. अशा जत्रांतून आता एक निराळीच राहुटी दिसू लागली आहे. मुलाने आपल्या खिशातली गोळी तेथे न्यावी, आतल्या रसायनज्ञाने तिचा कण खरवडून तपासावा, आणि तिच्यात काय आहे ते त्याला खरे खरे सांगावे. नाव विचारायचे नाही, रागे भरायचे नाही आणि शिपायाला हाक मारायची नाही.

‘दिवाळी अंकात हा कसला विषय काढला!’ असे कुणा वडीलधाऱ्या वाचकाला वाटेल. त्यांचे वाटणे मी समजू शकतो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. शाळेत मुलांना इतिहास शिकवावा आणि रात्री कादंबरीची पाने लिहावीत, एवढाच माझा व्यवसाय. परंतु माझ्या हाताखालून गेलेली मुले कॉलेजात जातात, डिसेंबर आला की संगीताच्या जत्रेसाठी गोव्याचे तिकीट काढतात, आणि त्यांचे आईबाप मला रस्त्यात गाठून विचारतात, ‘‘मास्तर, तिकडे काय काय चालते हो?’’ या प्रश्नाला नुसती मान हलवून उत्तर देणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून मी हा इतिहास वाचू लागलो. वाचता वाचता ध्यानात आले की ही गोष्ट गोळ्यांची थोडी आणि माणसांची फार आहे.

तिची सुरुवात संगीताच्या जत्रेत झाली असे मला वाटत नाही. ती दारूच्या गुत्त्यात झाली. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली. पिणारे प्यायचे थांबले नाहीत. ते चोरून पिऊ लागले. कारखान्यांसाठी लागणारा मद्यार्क पळवायचा, त्यातले विष काढल्यासारखे करायचे आणि तो विकायचा, असा धंदा जोरात चालला. तेव्हा सरकारने त्या मद्यार्कात आणखी विष मिसळण्याचा हुकूम काढला, म्हणजे लोक भिऊन तो पिणार नाहीत! लोक भ्याले नाहीत. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत विषारी दारूने अंध झालेली, तडफडणारी माणसे एकामागून एक येऊ लागली. त्या शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक डॉ. चार्ल्स नॉरिस हे मोठे करारी गृहस्थ. त्यांचे सहकारी अलेक्झांडर गेटलर यांनी बाटल्याच्या बाटल्या तपासल्या, आणि शहरातली दारू विषारी आहे असे नॉरिस यांनी वर्तमानपत्रांतून जाहीर बजावले. पिणारा माणूस कायदा मोडीत होता हे त्यांना पुरते ठाऊक होते. पण कायदा मोडणाऱ्याला मृत्यूची शिक्षा कुठल्या न्यायाधीशाने दिली होती? हा प्रश्न त्यांनी सरकारला विचारला, आणि तोच प्रश्न पुढे शंभर वर्षे वेगवेगळ्या देशांत विचारला जात राहिला.

आता जत्रेत येऊ. १९६९ च्या ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावाजवळ मॅक्स यासगर नावाच्या गवळ्याच्या शेतात वुडस्टॉकचा प्रसिद्ध संगीत-महोत्सव भरला. आयोजकांच्या अंदाजाबाहेर, चार लाखांच्या आसपास माणसे लोटली. कुंपणे मोडली, रस्ते तुंबले, अन्न संपले, वर पाऊस. पहिल्याच रात्री त्या पावसात पंडित रविशंकरांनी सतार वाजवली. साथीला मुंबईकर उस्ताद अल्लारखाँ होते. समोरच्या चिखलात बसलेले कित्येक श्रोते एल.एस.डी. नावाच्या द्रव्याच्या अमलाखाली होते. आपल्या संगीताची सांगड या झिंगेशी घातली जाते याचे रविशंकरांना अतोनात दुःख होई, आणि ते त्यांनी वेळोवेळी स्पष्ट बोलून दाखवले. १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला, तेव्हा वादनापूर्वी त्यांनी श्रोत्यांना धूम्रपान न करण्याची विनंती केली होती. ज्या संगीतात गुरूपुढे पादत्राणे काढून बसायचे, त्याच्या उपासकाला हे सलणारच.

तर वुडस्टॉकच्या त्या गर्दीत ‘हॉग फार्म’ नावाची एक मंडळी आली होती. ह्यू रॉम्नी हा त्यांचा म्होरक्या. पुढे तो ‘वेव्ही ग्रेव्ही’ या विदूषकी नावाने प्रसिद्धीस आला. लोकांना जेवू घालणे आणि व्यवस्था राखणे ही त्यांची कामे. पण त्यांनी आणखी एक तंबू उभारला. एल.एस.डी. घेऊन ज्यांचे भान सुटले, जे भयाने किंचाळत होते, रडत होते, अशांना या तंबूत आणायचे. डॉक्टरांचा पहिला विचार सुया टोचून त्यांना झोपवावे असा असे. हॉग फार्मची रीत निराळी होती. शेजारी बसायचे, हात धरायचा, त्याचे नाव त्याला सांगायचे, आणि ‘हे उतरेल, तू सुखरूप आहेस’ असे पुन्हा पुन्हा म्हणायचे. दोन-तीन तासांनी तो माणूस भानावर आला की नव्याने आणलेल्या रोग्याकडे बोट दाखवून त्याला सांगायचे, की मघाशी तू असाच होतास, आता याचा डॉक्टर तू! शाळेत एका मुलाचे गणित दुसऱ्या मुलाने समजावले तर ते लवकर समजते हा माझाही अनुभव आहे. म्हणून ही युक्ती वाचली तेव्हा मला त्या विदूषकाविषयी आदर वाटला.

त्याच महोत्सवात व्यासपीठावरून एक सूचना सांगितली गेली. तपकिरी रंगाच्या गोळ्या जत्रेत फिरत आहेत, त्या काही विशेष चांगल्या नाहीत, तेव्हा त्यांपासून दूर राहावे, अशा अर्थाची. या सूचनेमागे रसायनशाळा नव्हती. तंबूत आलेल्या माणसांच्या सांगण्यावरून बांधलेला तो अंदाज होता. पण चार लाख लोकांना, त्यांच्या हातून घडणारी चूक डोळ्यांआड न करता, धोक्याची खबर द्यावी ही कल्पना तेथे प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर दिसली.

दोन वर्षे आधी, १९६७ च्या जूनमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट-ॲशबरी वस्तीत डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी फुकट दवाखाना उघडला होता. घर सोडून आलेली पोरे तेथे गोळा होत. इतर रुग्णालयांत त्यांना उपदेश मिळे, क्वचित पोलिसही. स्मिथ यांच्या दवाखान्यात औषध मिळे. याच दवाखान्याने १९७३ साली मोठ्या संगीत-कार्यक्रमांत वैद्यकीय पथक पाठवायला सुरुवात केली. डॉक्टर आणि परिचारिका स्वयंसेवक म्हणून येत, पाय मुरगळलेल्यापासून भान हरपलेल्यापर्यंत सर्वांना सारख्याच मायेने पाहत. आज मोठ्या जत्रांतून दिसणाऱ्या सेवापथकांचे ते एक मूळ.

येथपर्यंत सगळी शुश्रूषा घटना घडून गेल्यावरची. आधीच तपासायचे तर रसायनशास्त्र पाहिजे. ते शास्त्र मात्र फार जुने निघाले. एस्टोनियात आज तार्तू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाला पूर्वी दोर्पात म्हणत. तेथल्या विद्यापीठात एदुआर्ट मार्क्विस या औषधशास्त्रज्ञाने १८९६ साली गंधकाम्ल आणि फॉर्माल्डिहाइड यांचे एक मिश्रण तयार केले. अफूपासून निघणारी द्रव्ये ओळखण्यासाठी त्याचा उपयोग होई. थेंब पडला की जांभळा रंग येई. शतक उलटत आले तेव्हा याच थेंबाने आणखी एक द्रव्य ओळखता येते म्हणून त्याला नवे महत्त्व आले. जर्मनीतल्या मर्क कंपनीत १९१२ साली प्रथम तयार झालेले, पुढे पन्नास-साठ वर्षे कुणाच्या फारसे ध्यानीमनी नसलेले एम.डी.एम.ए. हे ते द्रव्य. १९८० नंतरच्या दशकात ते ‘एक्स्टसी’ या नावाने युरोपच्या नाचघरांत पसरले. थेंब टाकल्यावर त्याचा रंग जांभळट काळा होतो.

त्या काळातली इंग्लंडची एक हकीकत विचार करण्यासारखी आहे. या गोळीने शरीर तापते, आणि बंद खोलीत तासन् तास नाचणाऱ्याला ते तापणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी थंड पाणी हवे. पण पाण्याच्या बाटल्या खपाव्यात म्हणून काही नाचघरवाले मोरीतल्या नळांचे पाणी बंद करून ठेवीत! १९९२ साली मँचेस्टरमध्ये सुरक्षित नृत्याचे नियम आखले गेले. पिण्याचे पाणी फुकट द्यावे, अंग निववायला शांत खोली असावी, हवा खेळती असावी, शिकलेला मदतनीस हजर असावा. एवढ्या साध्या गोष्टी. आमच्या गावच्या उरुसातही पाणपोई असतेच. पुढे १९९५ च्या नोव्हेंबरात एक मुलगी आपल्या अठराव्या वाढदिवसाच्या मेजवानीत कोसळली आणि काही दिवसांत वारली. तिने गोळी घेतली होती. पण ‘पाणी प्यावे’ एवढेच ऐकून तिने दीड तासात सुमारे सात लिटर पाणी प्यायले होते. ही गोळी शरीराला पाणी बाहेर टाकू देत नाही, त्यामुळे रक्त पातळ होऊन मेंदूला सूज आली. अर्धे ज्ञान देऊ नये, द्यायचे तर पुरते द्यावे, हा धडा त्या मुलीच्या मृत्यूने शिकवला. नंतरच्या पत्रकांतून किती पाणी प्यावे हेही लिहिले जाऊ लागले.

पुरते ज्ञान द्यायचे काम हॉलंडने मनावर घेतले. ॲम्स्टरडॅममधले ऑगस्ट द लोर हे समाजसेवक १९८० नंतरच्या दशकाअखेरीपासून नाचांच्या जागी जाऊन गोळ्या तपासत. १९९२ साली त्या सरकारने ही व्यवस्था आपल्या आरोग्यखात्याच्या पंखाखाली घेतली. देशभर ठरावीक कचेऱ्यांत कुणीही आपली गोळी घेऊन जावे. रूपावरून ओळख पटली तर लगेच उत्तर, नाही तर प्रयोगशाळेत पाठवून काही दिवसांत उत्तर. जत्रेच्या जागीच तपासणी करण्याचे त्यांनी पुढे थांबवले, पण कचेऱ्या चालू राहिल्या. १९९७ साली व्हिएन्ना शहरात तेथल्या पालिकेच्या पाठिंब्याने ‘चेक-इट’ नावाची सेवा निघाली. तिने तर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली यंत्रेच नाचाच्या ठिकाणी नेली. ज्याचा नमुना त्याला क्रमांक मिळे, आणि निकाल त्या क्रमांकाखाली फळ्यावर लागे, आमच्या शाळेत परीक्षेचा लागतो तसा. निकाल लागेपर्यंतच्या वेळात तेथला मदतनीस मुलाशी गप्पा मारी. घरी कसे चालले आहे, झोप लागते का, हे सगळे किती दिवस चालू आहे. पुष्कळ मुलांना असे विचारणारे माणूस प्रथमच भेटत असे. गोळीचे निमित्त; गाठ माणसाशी पडे.

या सर्व खटाटोपाचा उपयोग काय, याचे उत्तर २०१४ च्या डिसेंबरात मिळाले. हॉलंडच्या एका कचेरीत एक गुलाबी गोळी आली. तिच्यावर सुपरमॅनच्या छातीवर असते तशी खूण होती. दिसायला साधी एक्स्टसीची गोळी. आत मात्र पी.एम.एम.ए. नावाचे वेगळेच विष, तेही भरपूर. हे विष फसवे असते. ते सावकाश चढते. त्यामुळे ‘ही गोळी फिकी दिसते’ असे समजून घेणारा दुसरी घेतो, तिसरी घेतो, आणि मग सगळे एकदम चढून ताप मेंदूत जातो. डच अधिकाऱ्यांनी वेळ दवडला नाही. दूरचित्रवाणीवर गोळीचे चित्र दाखवले, वर्तमानपत्रांत छापले, नाचघरांत लावले. त्या देशात त्या गोळीने कुणी दगावले नाही. समुद्राच्या एका चिंचोळ्या पट्ट्यापलीकडे इंग्लंडमध्ये मात्र नाताळ ते नववर्षाच्या त्याच आठवड्यात तसल्याच गोळीने चार माणसे मेली. गोळी समुद्र ओलांडून गेली. सावधगिरीची सूचना वेळेवर गेली नाही. मी हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा वही मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो. त्या चौघांच्या घरी नाताळची सजावट अजून उतरवलीही नसेल.

इंग्लंडने बोध घेतला, पण सावकाश. फियोना मेझम या अपराधशास्त्राच्या प्राध्यापिकेने ‘द लूप’ ही संस्था २०१३ साली स्थापली होती. २०१६ च्या जुलैत केंब्रिजशायरमधल्या ‘सीक्रेट गार्डन पार्टी’ या महोत्सवात त्यांनी पोलिसांच्या संमतीने प्रथम सर्वांसाठी तपासणीची राहुटी उघडली. चार दिवसांत २४७ नमुने आले. त्यांतला दर पाचवा नमुना, ज्या नावाने विकला गेला त्या द्रव्याचा नव्हताच. कुणाच्या पुडीत हिवतापाचे औषध निघाले, तर कुणाच्या गोळीत चक्क इमारतीचे काँक्रीट! आणि राहुटीत आलेल्या दर पाच माणसांपैकी एकाने आपला माल तेथेच नष्ट करायला देऊन टाकला. पाचातला एक, म्हणजे चार जणांनी दिला नाही. हेही सांगितले पाहिजे. पण शिपायाला पाहून तोंडात टाकलेली गोळी आणि ऐकून-समजून स्वतःच्या हाताने टाकलेली गोळी यांत फार अंतर आहे.

अमेरिकेची तऱ्हा न्यारी. तेथे १९९८ साली ‘डान्ससेफ’ ही स्वयंसेवी संस्था निघाली. परंतु २००३ साली असा कायदा झाला, की आपल्या जागेत मादक द्रव्यांचा वापर होतो हे जाणूनबुजून चालू देणाऱ्या आयोजकाला जबर शिक्षा व्हावी. हेतू चांगला असेल. परिणाम असा झाला, की तपासणीची राहुटी लावू दिली तर ‘तुम्हाला ठाऊक होते’ याचा तो पुरावाच ठरेल, असे भय आयोजकांना वाटू लागले. डोळे झाकून घेणारा सुरक्षित आणि डोळस माणूस अडचणीत, असा तो उलटा न्याय झाला.

ऑस्ट्रेलियाची कथा दोन तोंडांची आहे. राजधानी कॅनबेरात २०१८ च्या एप्रिलमध्ये सरकारच्या परवानगीने पहिली तपासणी झाली. १२८ माणसे आली, ८५ नमुने तपासले गेले. दोन नमुन्यांत प्राणघातक ठरू शकतील अशी द्रव्ये सापडली. पुढच्या वर्षी २३४ माणसे आली. त्या वेळी सात नमुन्यांत एक अत्यंत धोकादायक द्रव्य निघाले, आणि ते कळताच साताही जणांनी आपापला माल टाकून दिला. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात मात्र भर जत्रेच्या दारावर वासावरून माग काढणारी कुत्री उभी असत. डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात तेथल्या जत्रांत सहा तरुण जीव गेले. त्या मृत्यूंची चौकशी उपमुख्य मृत्युसमीक्षक हॅरियट ग्रेहम यांनी केली. त्या सहांतल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीने, दारावर पकडले जाऊ या भीतीने, जवळच्या गोळ्या जत्रेला पोहोचण्याआधीच घेऊन टाकल्या होत्या. गोळ्या तपासण्याची सोय करावी आणि जत्रेतली ती कुत्री हटवावीत, अशी शिफारस ग्रेहमबाईंनी २०१९ च्या नोव्हेंबरात केली. राज्याने ती तेव्हा मानली नाही. तपासणीचा पहिला प्रयोग तेथे व्हायला २०२५ साल उजाडले.

न्यूझीलंडने या सर्वांवर ताण केली. तेथे वेंडी ॲलिसन या बाईंनी २०१५ पासून स्वयंसेवकांच्या बळावर जत्रांत तपासणी चालवली होती, कायद्याच्या काठाकाठाने. २०२० च्या डिसेंबरात, उन्हाळ्यातल्या जत्रा सुरू होण्याच्या तोंडावर, तेथल्या संसदेने तपासणीला तात्पुरती मुभा देणारा कायदा केला, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात तो कायमचा केला. मादक द्रव्ये तेथेही निषिद्धच राहिली. ती तपासणे तेवढे निषिद्ध उरले नाही. असा स्पष्ट कायदा करणारा तो पहिला देश.

या इतिहासात आपल्या किनाऱ्याचाही एक धागा आहे. १९७० नंतर गोव्याच्या हणजूण आणि वागातोरच्या वाळूत परदेशी भटके पौर्णिमेच्या रात्री संगीताचे मेळे भरवू लागले. त्यांतूनच पुढे ‘गोवा ट्रान्स’ नावाची एक संगीतशैली जगभर गेली. माडांखाली जन्मलेले आपल्या गोव्याचे नाव युरोपच्या माळांवर असे पोहोचले. पोर्तुगालमधल्या इदान्या-आ-नोव्हा येथे दर दोन वर्षांनी भरणारा ‘बूम’ महोत्सव हा त्याच परंपरेतला. साडेचारशे वर्षे ज्यांनी गोव्यावर राज्य केले त्यांच्या देशात गोव्याच्या नावाचे संगीत असे परत गेले, ही इतिहासाची गंमतच म्हणायची. पोर्तुगालने २००१ च्या जुलैपासून स्वतःपुरते मादक द्रव्य बाळगणे हा फौजदारी गुन्हा मानणे सोडले. अशा माणसाला न्यायालयाऐवजी समाजसेवक आणि वैद्य यांच्या मंडळापुढे नेतात. बूम महोत्सवात २००२ पासून ‘कॉस्मिकेअर’ नावाची शुश्रूषेची जागा आहे, आणि तपासणीही होते. वुडस्टॉकच्या त्या विदूषकाचा तंबू तेथे पक्का झाला असे म्हणता येईल.

आणि आपण? आपला मादक द्रव्यांचा कायदा १९८५ चा. तो कडक आहे. द्रव्य जवळ ठेवणे गुन्हा, घेणेही गुन्हा. अशा राहुटीला त्यात जागा नाही. नमुना आणणारा आरोपी ठरेल आणि हातात घेणाराही. मात्र त्याच कायद्यात, व्यसनी माणूस स्वतः होऊन सरकारमान्य उपचाराला गेला तर त्याला खटल्यातून सूट देणारे कलमही आहे. शिवाय एड्सचा प्रसार रोखण्यासाठी सुईने नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया द्याव्यात हे धोरण आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने केव्हाच मान्य केले आहे. म्हणजे ‘व्यसन सुटेल तेव्हा सुटो, तोवर जीव तर वाचो’ हा विचार आपल्याला परका नाही.

या विचाराची किंमत महाराष्ट्राने वेगळ्या रीतीने मोजलीही आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. बहुतेक हातावर पोट असलेली. दारू म्हणून त्यांनी जे घेतले ते मिथेनॉल होते. १९२६ च्या न्यूयॉर्कमध्ये डॉ. नॉरिस ज्या विषाविषयी ओरडून सांगत होते तेच हे विष. ती माणसे पीत होती म्हणून मेली असे म्हणणारे पुष्कळ भेटले. पण पिणारे तर गावोगावी आहेत. ही मेली, कारण पेल्यात काय आहे ते सांगणारे त्यांना कुणी नव्हते.

विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे. तपासणी केली म्हणजे ‘गोळी चांगली आहे, खुशाल घे’ असा परवाना दिल्यासारखे होते, असे विरोधक म्हणतात. या आक्षेपात तथ्य आहे, आणि राहुटीतली जाणती माणसे ते नाकारीत नाहीत. ‘ही सुरक्षित आहे’ असे वाक्य कोणतीही चांगली सेवा उच्चारीत नाही. शुद्ध द्रव्यानेही माणूस मरतो. उन्हाने, दमाने, हृदयाच्या दोषाने, जास्त मात्रेने. रंगाचा थेंब द्रव्य आहे एवढे सांगतो, किती आहे ते सांगत नाही, आणि शेजारी दुसरे काय मिसळले आहे तेही पुष्कळदा सांगत नाही. त्यासाठी मोठी यंत्रे लागतात, आणि तीही सर्वज्ञ नसतात. म्हणून तेथे पहिलेच वाक्य असे सांगतात, की न घेणे यासारखी सुरक्षितता दुसरी नाही. हे वाक्य मी वर्गातही सांगत आलो आहे. फरक एवढाच, की मी सांगतो तेव्हा मुले माना डोलावून खिडकीबाहेर पाहतात. राहुटीतला माणूस सांगतो तेव्हा मूल ऐकते, कारण त्याच्या हातात त्याच्याच गोळीचा निकाल असतो.

माझे मत विचाराल तर मी निषेध आणि दया यांची गल्लत करू इच्छित नाही. व्यसन वाईट, ते विकणारा त्याहून वाईट, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण वाईट मार्गाला लागलेला मुलगा आपल्याला जिवंत हवा आहे, की आपले म्हणणे खरे ठरवण्यापुरता मेलेला हवा आहे, याचा निवाडा घराघरांत आधीच झाला पाहिजे. आपला कायदा बदलायचा की नाही हे शहाण्यांनी ठरवावे. मात्र एक गोष्ट कायद्याची वाट न पाहता करता येण्यासारखी आहे. या डिसेंबरात तुमच्या घरातले कुणी संगीताच्या जत्रेला निघाले, तर ‘काही घेऊ नकोस’ हे सांगाच. आणि त्याबरोबर आणखी दोन वाक्ये सांगा. सोबतीला काही झाले, अंग भाजल्यासारखे तापले, शुद्ध हरपली, तर त्याला एकटे टाकून पळू नकोस. १०८ क्रमांकावर गाडी बोलाव आणि डॉक्टरला काय घेतले ते खरे सांग. आणि दुसरे, कितीही रात्र झाली असली तरी घरी फोन कर. आम्ही आधी तुला घ्यायला येऊ, बोलायचे ते नंतर बोलू.

हे दुसरे वाक्य मोठ्या माणसांना जड जाते. लाडू वळताना, पोरे हाताशी असताना, ते एकदा म्हणून पाहावे.